तळाचं तेल

फुलसावंगीत कोणीतरी समुद्रावर जायची बोट बांधतंय, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते उमरखेडच्या बसस्टँडवर, चहा पिताना. सांगणारा हसत होता, ऐकणारे हसत होते. मीही हसलो. आमच्याकडून समुद्र गाठायचा तर एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस मोडतो. आमचं पाणी म्हणजे पैनगंगा, आणि तीही उन्हाळ्यात डबक्याडबक्यांनी उरते.

पुढे काही दिवसांनी ती बोट बांधणारे गृहस्थच माझ्या तेलघाण्याच्या दारात उभे राहिले. साठी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, पांढरी दाढी बारीक कापलेली. नौदलात जहाजांच्या इंजिनखोल्यांत आयुष्य काढून ते गावी परतले होते. नमस्कार वगैरे काही न करता त्यांनी विचारलं, "करंज पिळता का?"

"पिळतो. पण आता मागते कोण?"

"मी मागतो. टाकी भरून पाहिजे."

"एवढं कायले? साऱ्या गावच्या बैलायले लावता का?"

"बोटीले पाजतो," ते म्हणाले आणि पोत्यावर बसले. "अन् हसू नको. हसणारे लय झाले."

मी त्यांना दादा म्हणू लागलो तो त्याच दिवसापासून.

घाणा माझ्या आजोबांचा. आजोबांच्या वेळी बैल होता, वडिलांनी मशीन बसवलं, आणि माझ्या वाट्याला पिशवीतल्या तेलाचा जमाना आला. आता लोक जवस, तीळ घेऊन येतात ते वर्षातून एकदा, आणि तेही वडिलांची आठवण म्हणून आल्यासारखे. मुलगी पुण्याला आहे. नातू झाल्यापासून बायकोही तिकडेच असते. भांडण नाही, काही नाही. तिकडे तिची गरज आहे, इकडे नाही, इतकंच. दुपारी मशीन बंद केलं की आवारात फक्त पेंडीवरच्या चिमण्यांचा आवाज. मी मोबाइल चार्जिंगला लावायचो आणि त्याच्याकडे बघत बसायचो. हे सांगतो ते दया यावी म्हणून नाही. पुढे मी जे केलं ते का केलं हे याच्याशिवाय कळणार नाही, म्हणून सांगतो.

दादा आले आणि आवारात बोलणं आलं. नुसतं करंजाचं तेल इंजिनात घातलं तर आत चिकटून बसतं. त्यांनी माझ्या शेडच्या एका कोपऱ्यात दोन पिंपं बसवली. तेल तापवायचं, त्यात स्पिरिट आणि कॉस्टिक घालून ढवळायचं आणि बसू द्यायचं. खाली काळपट, चिकट थर बसे आणि वर मधाच्या रंगाचं पातळ इंधन येई. ते पाण्याने धुवायचं आणि पुन्हा तापवून त्यातलं पाणी घालवायचं. मी आयुष्यभर तेल पिळलं होतं, पण तेलाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. दादा शिकवायचे, चिडवायचे, पिंपावर ठोकून हिंदीत ओरडायचे, "अरे तेलवाले, हिलाओ इसको! लगन की कढी नहीं है ये!"

त्यांना काय करायचं होतं ते सांगतो. कोकणातल्या एका बंदरातून निघायचं, दक्षिणेकडे उतरत श्रीलंकेला बाहेरून वळसा घालायचा आणि पूर्व किनाऱ्यावर वर चढायचं. मध्ये कुठेही थांबायचं नाही, इंधन घ्यायचं नाही. झाडाच्या बियांच्या तेलावर एवढ्या छोट्या बोटीने एवढं लांब कोणी गेलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. विक्रम व्हावा ही हौस होतीच. पण एकदा पिंप ढवळता ढवळता ते म्हणाले, "माझी माय नाल्याकाठचे करंज वेचून ह्याच घाण्यावर घालत होती. डोक्यावर पोतं, तिकडून इथवर. त्याचं तेल कंदिलात जाये, नाही तं ढोरायच्या जखमेवर. एकदा त्याच तेलानं समुद्र कापून दाखवतो. मंग झालं माझं."

बोट फुलसावंगीच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या एका जुन्या रिकाम्या शेडमध्ये उभी राहत होती. लांबट, अरुंद, वरून पूर्ण बंद, मासोळीसारखी. आत लाकूड, वर फायबर. मधोमध इंजिन, फळीखाली दोन लांब टाक्या, आणि पुढे झोपायला दोन फळ्या. गावातले लोक संध्याकाळी बघायला येत.

"दादा, समुद्र फुलसावंगीत कधी येऊन राह्यला?"

"तुमी पाणी भरून ठेवा, बोट तयार आहे."

"अन् बुडाली तं?"

"तं तू वाचला. तुह्या बापाचे पैसे थोडीच आहेत त्यात."

झोपायच्या दोन फळ्यांपैकी एकीवर हात मारून दादा मला म्हणाले, "ही तुझी. तेल तुझं, तं माणूसही तुझाच पाहिजे." मी लगेच हो म्हणालो. अशा गोष्टीला लगेच हो म्हणणारा माणूस मी नाही. पण मला वाटलं, इतक्या वर्षांत कोणीतरी माझ्यासाठी जागा ठेवली आहे.

आता घाण्यातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे तेलाच्या टाकीचा तळ कधी उघडा पडू देत नाहीत. जुनं तेल थोडं राहू द्यायचं आणि नवं त्याच्यावर ओतायचं. आजोबा तसं करत, वडील तसं करत. मी लहान असताना एकदा हौसेने टाकी पुसून कोरडी केली, तर वडिलांनी शेजारून वाटीभर तेल मागून आणलं आणि आधी तळ झाकला, मग मला रागावले. बरकत तळाशी असते, ती काढून टाकायची नाही. घराघरांत धान्याच्या कोठीत मूठभर ठेवतात, तसंच हे. माझ्या हाताला त्याचं इतकं वळण आहे की कुठलंही पिंप रिकामं करताना धार बारीक झाली की हात आपोआप थांबतो.

उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही बोट ट्रॉलीवर चढवून इसापूरच्या धरणावर नेली. वाटेत बाजारात ट्रॉली अडकली तेव्हा एका म्हातारीने विचारलं, "हे कोन्या देवाचं हाय, बाप्पा?" दादा म्हणाले, "करंजाबाईचं." तिने खरंच हात जोडले. धरणावर बोट पाण्यात उतरली, इंजिन लागलं, आणि पाण्यावरून करंजाचा तो कडू, भाजल्यासारखा वास काठापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा दिवसदिवस धरणावर फेऱ्या मारत होते आणि इंजिन एकदाही अडखळलं नाही. पाणी काचेसारखं होतं. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. आम्ही दोघं जमिनीची माणसं, म्हणजे मी तरी नक्कीच. आम्ही बोट पारखली ती आमच्या उन्हात आणि आमच्या पाण्यात.

पावसाळाभर बोट माझ्या आवारात ताडपत्रीखाली राहिली. टाक्यांत धरणावरचं उरलेलं इंधन तसंच होतं.

दिवाळीनंतर आम्ही बंदरावर गेलो. पहिल्या दिवशी दादांनी मला घेऊन बोट खाडीबाहेर काढली. मी समुद्र आधी फक्त किनाऱ्यावरून पाहिला होता. बाहेर तो बोटीखालून उचलतो आणि सोडून देतो. थोड्याच वेळात मी फळीवर आडवा होतो, आणि उलट्या थांबेनात. पण खरी गोष्ट उलट्यांची नव्हती. मी घाबरलो होतो. परत फिरा, असं मी दादांना म्हणालो, आणि ज्या आवाजात म्हणालो तो माझा आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोटीत पायच टाकला नाही. दादा चहाच्या टपरीवर बशीत चहा ओतत म्हणाले, "राहू दे. दर्या साऱ्यायलेच मानवते असं नाही. मी एकटा जातो. तू तेल सांभाळ."

एकट्यानेच जायचं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. साठी ओलांडलेला माणूस.

निघायच्या आदल्या दिवशी ते बंदराच्या कचेरीत कागदांसाठी गेले. जाताना मला म्हणाले, "टाक्यातलं जुनं पूर्ण काढ. तळ पूस. मंग नवीन भर. पूर्ण काढजो, समजलं?" मी समजलो म्हणालो. खाली बूच काढलं, जुनं इंधन डब्यात घेतलं. धार बारीक झाली आणि माझा हात थांबला.

हे सवयीने झालं, असं सांगून मी सुटू शकतो. पण त्या वेळी मी विचार केला होता. मला आठवतं, मी गुडघ्यांवर बसलो होतो, बूच हातात होतं, आणि मनात आलं की हा माणूस आपल्या जागी एकटा चालला आहे. आपण त्याच्यासोबत नाही. निदान बरकत तरी सोबत असू दे. घरचं, आवारातलं, धरणावर चाललेलं थोडं तेल तळाशी असू दे. मी बूच लावलं आणि वरून नवीन इंधन भरलं. दुसऱ्या टाकीतही तसंच केलं. मला बरंसुद्धा वाटलं. सबंध प्रवासात मी त्यांच्यासाठी केलेलं ते एकच काम आहे, असं मला वाटलं.

ते निघाले तेव्हा धक्क्यावर मी आणि दोन-तीन मासे विकणाऱ्या बाया होतो. त्यांनी हात वर केला. बोट लहान लहान होत गेली, मग दिसेना, तरी करंजाचा वास थोडा वेळ होता.

मी परत उमरखेडला आलो. बोटीवर उपग्रहाचा फोन होता, रीतसर परवानगी काढून घेतलेला. दादा रोज सकाळी घरी फोन करत आणि मग वहिनींचा मला फोन येई. "भावजी, आहेत बरे. म्हनते, मासे उडतात इथं. म्हनलं, पोहे खाल्ले का ते सांगा पयले." वहिनी हसायच्या. मीही हसायचो. घाणा चालू करायचो.

पहिले काही दिवस समुद्र शांत होता. मग वहिनी म्हणाल्या की आता लाटा मोठ्या आहेत. त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, इंजिन बंद पडते, पुन्हा लागते, ते सारखं काहीतरी बदलून राह्यले. त्याच्या पुढच्या सकाळी फोन आला नाही. दिवसभर नाही. त्या दिवशी मी मशीन चालू केलं नाही. मशीनच्या आवाजात फोन ऐकू आला नाही तर, म्हणून.

संध्याकाळी वहिनींनी सांगितलं. बंद पडलेल्या बोटीतून दादा वाहत गेले होते. मासेमारीच्या एका ट्रॉलरने त्यांना पाहिलं आणि ओढत किनाऱ्याला आणलं. माणूस सुखरूप होता. मी भिंतीला टेकून खाली बसलो. त्या क्षणी मला तळाच्या तेलाची आठवणसुद्धा झाली नाही. खरं सांगतो, नाही झाली.

ती झाली फुलसावंगीला. बोट परत शेडमध्ये आली होती. दादा खूप वाळले होते, हातांची कातडी सोललेली. त्यांनी एक बादली माझ्यापुढे सरकवली. आत वापरलेले फिल्टर होते, सगळेच्या सगळे, आणि त्यांवर तपकिरी, बुळबुळीत साय.

"पाह्य, काय झालं ते. लाटा सुरू झाल्या अन् एकामागून एक फिल्टर बुजत गेले. एक बदलावं, थोडं चालावं, की दुसरा. सारे संपले. शेवाळ आहे हे. तेलात पाणी असलं की धरते." मग त्यांनी मान वर केली. "तू तं तळ साफ केलता ना?"

साधा प्रश्न होता. त्यात संशय नव्हता. डॉक्टर विचारतो तसा.

"हाव," मी म्हणालो.

"पूर्ण?"

"हाव, दादा."

त्यांनी मान हलवली. आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू. पण दादा आयुष्यभर इंजिनांपाशी बसलेला माणूस. ते एकेक शक्यता काढून टाकत गेले. तळ साफ होता, म्हणजे जुनं पाणी नव्हतं. इंधन त्यांनी स्वतः तापवून घेतलं होतं, म्हणजे नव्यातही पाणी नव्हतं. मग हे शेवाळ आलं कुठून? समुद्राच्या दमट हवेत करंजाच्या तेलानेच पाणी ओढून घेतलं, आणि तेही इतक्या लवकर. म्हणजे हे तेल समुद्रावर चालायचंच नाही. टाकी बदलून, फिल्टर बदलून उपयोग नाही. मुळातच चुकलं.

"धरणावर ठीक आहे हे," ते बादलीकडे बघत म्हणाले. "मायनं नेलेलं तेल कंदिलातच बरं होतं."

मी तिथेच बोलायला हवं होतं. बोललो तर ते मला घालवून देतील असं वाटलं, आणि मग आवारात पुन्हा चिमण्या. मी स्वतःला समजावलं की चार बोटं तेलाने काय होतं. दुसरंही काही कारण असेल. बसमध्ये परत येईपर्यंत मी ते जवळजवळ पटवून घेतलं होतं.

पण वास डोक्यातून जाईना. बादलीतला तो वास मी कुठेतरी घेतला होता. घरी आल्यावर मी घाण्याची मोठी टाकी रिकामी केली. धार बारीक झाली तेव्हा हात थांबला. तो मी दुसऱ्या हाताने दाबून धरला, सगळं वाहू दिलं आणि आत वाकून पाहिलं. तळाला काळपट तपकिरी लगदा होता, शेणासारखा घट्ट, वर तीच बुळबुळीत साय, तोच वास. वडिलांच्या काळापासून, कदाचित आजोबांच्या काळापासून आम्ही जे जपत होतो ते हे होतं. धरणाचं पाणी हलत नव्हतं म्हणून बोटीच्या टाक्यांतला ओलावा तळाशी पडून राहिला. पावसाळाभर माझ्या आवारात त्यावर शेवाळ वाढलं. समुद्राने ते ढवळलं.

त्यानंतरही मी बोललो नाही. महिने गेले. दादा घाण्यावर येईनासे झाले. पिंपं कोपऱ्यात तशीच होती. मी फोन करायचो तर म्हणायचे, "काय करायचं येऊन? कापसाचं पाहून राह्यलो." कधी फोन वहिनी उचलायच्या आणि सांगायच्या की शेडमध्ये जातच नाहीत, शेडकडे बघतही नाहीत. ज्या माणसाला गमावू नये म्हणून मी गप्प बसलो होतो तो तसाही गेलाच होता, आणि जाताना स्वतःची सगळी मेहनत खोटी मानून गेला होता. माझ्या एका 'हाव'मुळे. एवढं कळूनही बोलणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं.

मग एका दुपारी वहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यायनं भंगारवाल्याले बोलावलं. उद्या येते म्हने. इंजिन काढून देतो, टाक्या कापून देतो म्हनतात. तुमी तरी समजवा. तुमचं ऐकतात ते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी गेलो. शेडपुढे टेम्पो उभा होता. भंगारवाला बोटीभोवती फिरत होता, बोटाने फायबर वाजवत होता.

"दादा, ह्या प्लास्टिकचं काय करू मी? ढोरायले पाणी पाजू का ह्यात?"

"पाज ना. समुद्रावर जाऊन आलेली आहे, ढोरं खूश होतील."

"टाक्या मातर झ्याक आहेत. टाक्या घेतो. गॅस कटर आणलाच आहे."

"घे."

दादांनी मला पाहिलं. "या तेलवाले. बरोबर टायमावर आले. तुमच्या टाक्या चालल्या."

मी बसमध्ये काय काय ठरवलं होतं, कुठून सुरुवात करायची, काय आधी सांगायचं. ते काही आठवलं नाही. भंगारवाला नळी जोडत होता.

"दादा, तळ साफ नव्हता केला मी."

त्यांना आधी कळलंच नाही. "कोणता तळ?"

"ह्या टाक्यांचा. बंदरावर. तुम्ही कचेरीत गेलते तेव्हा. जुनं तेल ठेवलं होतं मी खाली."

दादा उभे होते ते बोटीला टेकले. मग एकदम कामाच्या आवाजात विचारलं, "किती?"

"चार बोटं असेल."

"दोन्ही टाक्यात?"

"हाव."

"पावसाळ्यात उभी होती, ते?"

"तेच."

त्यांनी डोळे मिटले. ते हिशेब करत होते, मला दिसत होतं. कुठे पाणी, कुठे शेवाळ, किती लाट, किती फिल्टर. सगळं त्यांच्या डोक्यात पुन्हा जागेवर बसत होतं. मग त्यांनी विचारलं, "काहून?"

"बरकत म्हणून. तुम्ही एकटे चालले होते."

वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फक्त तोंडावरून हात फिरवला. "माझी मायही कोठीत मूठभर ठेवे," ते म्हणाले. "ते समजते मले. ते मी हसून सोडून देल्लं असतं." मग ते माझ्याकडे वळले. "पण मी विचारलं होतं तुले. इथंच. बादली पुढं ठेवून. दोनदा विचारलं."



"ते तेल चांगलं होतं," ते हळू म्हणाले, माझ्याशी नाही. "तेल चांगलं होतं ना." त्यांनी बोटीच्या अंगावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. मग भंगारवाल्याला म्हणाले, "जाय बाप्पा. काही द्यायचं नाही आज."

"अहो दादा, टेम्पोचं डिझेल जाळून आलो ना मी!"

"माहूरकडून आला का मुंबईहून? चाय घेऊन जाय घरून. जाय."

भंगारवाला पुटपुटत नळ्या गुंडाळू लागला. मी तसाच उभा होतो. मला वाटत होतं, आता ते शिव्या देतील, आणि शिव्या देऊन झाल्या की पिंपांचं काहीतरी बोलतील. दादा बोटीत चढले. आतून फळ्या उचलल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्यांनी झाकणातून डोकं बाहेर काढलं.

"तुझी बस निघून जाईन," ते म्हणाले.

मी निघालो. वहिनी दारात होत्या, आत या म्हणाल्या. मी नाही म्हणालो.

काही दिवसांनी एका पिकअपमधून तेलाचे माझे सगळे डबे परत आले. ड्रायव्हर उतरवून निघून गेला, निरोप काही नव्हता. आमच्याकडे भांडं परत देताना रिकामं देत नाहीत. तुरीची डाळ, चार मिरच्या, काहीतरी घालतात. मी प्रत्येक डबा उघडून पाहिला. आतून धुतलेले, उन्हात वाळवलेले, पुसलेले. एकातही काही नव्हतं.

त्या उन्हाळ्यात दादांनी करंज दुसरीकडे पिळून घेतला, असं कळलं. पिंपं नेली, तीही मी आवारात नसताना. बोट पुन्हा धरणावर उतरली तेव्हा मी गेलो, पण ते ज्या बाजूला होते तिकडे नाही. भिंतीवर लांब उभा राहिलो. बोट नखाएवढी दिसत होती. दुसऱ्या फळीवर कोणी आहे का, ते तिथून दिसत नव्हतं. वारा माझ्या दिशेने होता. तो कडू वास आला तेव्हा मी थोडा वेळ तिथेच बसलो.

आता पुन्हा दिवाळी होऊन गेली आहे. दादा निघाले आहेत, या वेळीही एकटेच. हे मला वहिनींनी सांगितलं. मी विचारलं, "मले सांगा म्हणाले का?" त्या म्हणाल्या, "सांगा असं नाही म्हनाले. सांगू नका असंही नाही म्हनाले." तेव्हापासून रोज सकाळी त्यांचा फोन येतो. पूर्वीसारखं माशांचं, पोह्यांचं बोलत नाहीत. "आहेत," एवढंच म्हणतात. मी "बरं" म्हणतो.

घाण्याची टाकी मी तिचा तळ पाहिला त्या दिवसापासून भरलेली नाही. घासली, सोड्याने धुतली, कोरडी केली. वाजवली तर घंटेसारखी वाजते. जवस घेऊन एक जण आला होता, त्याने तळ पाहिला आणि दचकला. त्याचं तेल मी थेट त्याच्याच डब्यात काढून दिलं.

आज वहिनींचा फोन नेहमीपेक्षा उशिरा आला. माझे हात पेंडीने भरलेले होते, तसाच उचलला.

"आहेत," त्या म्हणाल्या. फोन ठेवतील म्हणून मी वाट पाहिली. पण त्या बोलल्या. "मागच्या खेपेला जिथं बंद पडलं होतं ना, ती जागा मागं गेली म्हने. लाटाही तशाच हायेत. अजून पयलाच फिल्टर चालू आहे."

मी बरं म्हणायला विसरलो. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि फोन ठेवला. मी दारात येऊन उभा राहिलो. रस्त्यावर एक ट्रॅक्टर कापूस घेऊन चालला होता. चिमण्या पेंडीवर होत्या. करंजाचं तेल लाटांवर चालतं आहे, हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. ज्याला सांगायचं तो ते चालवत होता.